चौथ्या मजल्यावरची खिडकी

सकाळी साडेसातला बोकादासेत
समुद्र अजून अंथरुणातच होता,
भिंती मात्र केव्हाच उठून बसलेल्या.
एक हळदीची, एक विटेची,
एक काल कापलेल्या कलिंगडाची,
आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून उभी
एक, जिचा रंग मला शेवटपर्यंत सांगता आला नाही.
हिरवा म्हणावा तर राखेकडे झुकलेला,
राखाडी म्हणावा तर तिला राग यावा असा.

गोट्यांवर होड्या पालथ्या.
जाळं नीट करत बसलेल्याला विचारलं,
इतके रंग कशासाठी?
धुक्यात आपलं घर सापडावं म्हणून,
असं आम्ही पाहुण्यांना सांगतो, तो म्हणाला.
मग दातांनी एक गाठ सोडवून :
खरं म्हणजे शेजाऱ्याला जळवायला.

मी दिवसभर मान वर करून हिंडले.
जेनोआच्या गल्ल्या अशा, की
दोन बायका भांडायला उभ्या राहिल्या
तर तिसरीला न्याय करायला जागा नाही.
आणि भिंती खोटं बोलतात, राजरोस.
दगडी महिरप : दगड नव्हेच, ब्रशाचा फटकारा.
खांब : सावलीसकट रंगवलेला,
सूर्य कुठेही जावो
त्याच्या सावलीत कायम सकाळचे दहा.
खिडक्या तर पाचातल्या दोन नुसत्या रंगाच्या.
खऱ्या किती, खोट्या किती, मोजत निघाले होते,
अकराव्या घरापाशी नाद सोडला.
तिथंच एक कबूतर रंगवलेल्या कठड्यावर उतरायला गेलं,
पंख फडफडवून मागे फिरलं,
आणि असं काही उडालं
जणू त्याला तिथं जायचंच नव्हतं.

दुपारी परत बोकादासेत. त्या नाव नसलेल्या रंगाच्या घरावर
चौथ्या मजल्यावर, कोपर टेकून, एक बाई.
मी हात केला.
तिनं केला नाही.
पुन्हा केला.

पावाच्या दुकानातली निवेस हसून हसून काउंटरवर वाकली.
ती तिल्दे. सव्वीस वर्षं झाली,
कुणालाच हात करत नाही.
मग तेलात न्हालेला पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं :
भावाभावांत घराची वाटणी झाली,
तिल्देच्या वाट्याला मागची खोली आली.
समुद्राकडची खिडकी धाकट्यानं विटांनी बुजवली.
त्या वर्षी भिंत रंगवायला बाचिच्चा आला,
त्यानं गिलाव्यावर तीच खिडकी पुन्हा उघडली
आणि तिल्देला आत बसवलं.
कुणी सांगितलं नव्हतं.
पैसेही लावले नाहीत.

बाचिच्चा आता?
निवेसनं सुट्टे पैसे मोजून दिले.

संध्याकाळी सहाला ती आली, खरी,
निळा स्वेटर, हातात लिंबांची पिशवी.
बाकावर माझ्या शेजारी बसली, वर बघितलं,
आरशात बघावं तसं नाही,
उधार नेलेली वस्तू परत करायला आलेल्या शेजारणीकडे
बघावं तसं.
केस माझे इतके काळे कधीच नव्हते, ती म्हणाली.
आणि मी समुद्राकडे बघत बसायचे, नेहमी.
यानं मला खाली बघायला लावलं.

मी पाहिलं. खरंच, चितारलेली नजर
समुद्रावर नव्हतीच.
भिंतीच्या पायथ्याशी एका जागी खिळलेली,
जिथं आज एक स्कूटर उभी होती.
शिडी तिथं लावली होती त्यानं, तिल्दे म्हणाली,
आणि पिशवीतली लिंबं उगाच वरखाली केली.

दिवे लागत गेले. तेव्हा कुठे हिशेब लागला :
उजळल्या त्या खऱ्या, राहिल्या त्या रंगाच्या.
आणि काही खऱ्याही अंधारातच राहिल्या,
माणसं बाहेर गेली असतील,
किंवा आत नुसतीच बसली असतील.

खारा वारा भिंत खातो इथं.
चौथ्या मजल्यावरच्या कोपराचा एक पोपडा
स्कूटरपाशी पडला होता, नखाएवढा.
तिल्दे उठली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली,
तो उचलला, फुंकला,
लिंबांच्या पिशवीत टाकला,
आणि मागच्या दारानं घरी गेली.